आईच्या पायची माती

‘मेनिके, एक तरी वाढव. दहा नकोत, पाच नकोत. या झाडाचं एक पोर आपल्या पायांवर उभं राहिलं की मी सुटलो.’

मोठे हामुदुरू, आमच्या विहाराचे थोरले भिक्खू, हे बोलले तेव्हा त्यांना धाप लागली होती. विहाराच्या ओसरीत, समोरचं झाड दिसेल अशा बेतानं आम्ही त्यांची खाट फिरवून ठेवली होती. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ‘होय’ म्हटलं. भिक्खूला दिलेला शब्द आणि देवाला बोललेला नवस यांत आमच्याकडे फरक करत नाहीत. त्या पावसाळ्यात ते गेले. शब्द माझ्याकडे राहिला.

झाड हल नावाचं. विहाराच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या वर उभं. त्याची फळं गळली की गावातल्या बाया टोपल्या घेऊन येतात. बिया कापायच्या, चकत्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, कडूपणा उतरला की वाळवून कुटायच्या. ज्या वर्षी भात पुरत नसे त्या वर्षी या पिठाच्या वाफवलेल्या पिट्टूवर आमच्या आयांनी आम्हाला जगवलं. आता मात्र खोड आतून पोकळ झालं आहे. थाप मारली तर ढोलासारखं वाजतं. कुठल्या वाऱ्यात बसेल, सांगता येत नाही.

त्याला पोरं होत नाहीत असं नाही. बिया रुजल्या की बुडाशी पाय ठेवायला जागा नसते, इतकी तांबूस पानांची दाटी होते. आणि पुढच्या बहराच्या आत सगळी साफ. काहींचा देठ जमिनीलगत काळा पडतो आणि ती मान टाकतात. काहींच्या पानांची चाळण होते. एक म्हणून उरत नाही.

आधी मला वाटलं, रानडुकरं. कुंपण घातलं. कुंपणाच्या आत मेली. मग म्हटलं, सावली फार होत असेल. चांगली धट्टीकट्टी रोपं उचलली आणि प्रवचनं होतात त्या धर्मशाळेच्या मागे, आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, उन्हाचा कवडसा येतो तिथे लावली. आमच्याकडे रीत आहे, पोर आईपासून तोडायचं तर आईच्या पायची माती त्याच्या मुळाशी द्यायची. सासरी निघालेल्या मुलीच्या ओच्यात माहेरच्या चुलीजवळची चिमूटभर माती बांधतात, तसंच. मीही खड्ड्याखड्ड्यात हलच्या बुडाची ओंजळ ओंजळ काळी माती घातली, रतनसुत्त म्हटलं, मंतरलेलं पाणी शिंपडलं. मूळ धरलं, दोन नवी पानं फुटली. मग एकेक करून तीही काळी पडून आडवी व्हायला लागली.

यानंतर माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण त्यांच्या शेजारीच गोरक्याची रोपं होती, ती टवटवीत. किना होता, तो गुडघ्याएवढा वाढलेला. नागकेशराला कुणी पाणीसुद्धा घातलं नव्हतं, तो मजेत. खुद्द हलच्या बुडाशीही हीच गत. तिथे सगळं येतं, हल सोडून. मी फुलांची परडी हातात धरून तिथे उभी राहायची आणि पाहत राहायची. पाण्यानं मेली असती तर सगळी मेली असती. उन्हानं मेली असती तर सगळी मेली असती. रोग असा माणसं ओळखून दारात जात नाही. वेचून मारतो तो वैरी, आणि वैऱ्याला हात असतात.

मग हलची ओळख असलेला हात कुणाचा, एवढाच प्रश्न उरला.

माझा धाकटा भाऊ सुदुबंडा कितुलच्या झाडावर चढतो. रस धरतो, काकवी आटवतो, गूळ पाडतो. रस आंबू नये म्हणून मडक्यात हलच्या सालीचा तुकडा टाकावा लागतो, हे आमच्याकडचं लहान मूलही सांगेल. सुदुबंडा विहारातल्या झाडाचीच साल काढायचा. झाड पोकळ झालं तशी मोठ्या हामुदुरूंनी मनाई केली, तीही पौर्णिमेच्या दिवशी, भरल्या सभेत. ते त्याला लागलं. त्या दिवसापासून विहाराला त्याच्या घरची काकवी आली नाही आणि मलाही नाही. त्याची बायको यसवती रस्त्यात भेटली तर माझ्याकडे न बघता विहाराच्या कळसाला हात जोडायची.

यसवती नदीपलीकडची. नणंद असो की भावजय, आमच्याकडे एकच हाक, नॅना. भांडण झाल्यापासून तिने मला ती हाकही मारली नव्हती.

मी कुणाजवळ तिचं नाव काढलं नाही. रोज पहाटे पंचशील घेते मी. चहाडी तोंडातून जाऊ देत नाही. पण मनाला कुठलं कुलूप घालणार? बुद्धासमोर फुलं वाहताना नजर खिडकीतून धर्मशाळेच्या मागे जायची.

एका सकाळी ती दिसलीच. मी झाडलोट करत होते. धुकं अजून उतरत होतं. धर्मशाळेच्या मागून यसवती आली, लुगड्याच्या पदरात काहीतरी गच्च धरून. मला पाहून दचकली, पदर सारखा केला आणि ओढ्याच्या वाटेनं चालती झाली. मी मागे जाऊन पाहिलं. माझी उरलेली रोपं उभी होती. प्रत्येकाच्या बुडाशी माती ताजी उकरलेली.

त्याच आठवड्यात त्यांतली बरीचशी गेली.

मी सुदुबंडाला गाठलं. तो कितुलला बांधलेल्या काठ्यांवरून उतरत होता, कमरेला सुरा, हातात मडकं.

“काय अक्के, आज वाट चुकलीस?”

“तुझी बायको सकाळी विहारात कशाला येते?”

“विहारात माणूस कशाला जातं?” तो हसला. “पुण्य मिळवायला. का तेही सगळं तूच घेऊन बसलीयस?”

“पुण्य पदरात लपवून नेतात का रे?”

त्याचं हसू गेलं. “तिला विचार. मला काही सांगत नाही ती. घरात मला विचारतं कोण! काकवीला जाळ कमी लागला की तेवढं माझं नाव निघतं.” मग मडकं खाली ठेवून म्हणाला, “आणि संशयच घ्यायचा असेल तर त्या रानातल्या छावणीवरच्या पोरीवर घे. काहीतरी फवारत असते बाटलीतून. जाळीचे पिंजरे लावते रोपांना. रोपं काय कोंबड्या आहेत?”

ताकाला जाऊन भांडं लपवतोय, असं मला वाटलं. पण छावणीची गोष्ट खरी होती. निलंती नावाची मुलगी, विद्यापीठातून आलेली. चौकोन आखून त्यातली रोपं पाहत बसते. तिच्यासाठी मी अधूनमधून केळीच्या पानात भाताचं पुडकं बांधून देते. दुसऱ्या दिवशी मीच पुडकं घेऊन गेले.

“बाळ, ते बाटलीत काय असतं?”

“बुरशीचं औषध, आच्ची.” मला आजीच म्हणते ती. तिने मला लाकडाच्या ओंडक्यावर बसवलं. “काही चौकोनांत बुरशी मारते, काहींत किडे. काहींना काहीच करत नाही. मग कुठे काय जगतं ते बघते.”

“ते उडून आमच्या विहारापर्यंत येतं का?”

“नाही हो! इतक्या लांब कसं येईल?” तिने घास घेतला, फणसाची भाजी चांगली झाली म्हणाली, आणि मग माझ्याकडे नीट पाहिलं. “काय झालंय?”

मी सांगितलं. यसवतीचं नाव मात्र घेतलं नाही.

“कुणी मारत नाही त्यांना, आच्ची. म्हणजे माणूस नाही मारत. जातीजातीच्या झाडाचे वैरी वेगळे असतात. हलवर पोसलेली बुरशी, हलची पानं खाणारे किडे, हे हलच्याच बुडाशी दबा धरून राहतात. वरून बी पडलं की त्यांना आयतं ताट. शेजारच्या गोरक्याला ते तोंडही लावत नाहीत. म्हणून हलखाली गोरका वाढतो आणि गोरक्याखाली हल. नाहीतर एकच झाड आपली पोरं पसरून सगळं रान खाऊन टाकेल. वैरी आहेत म्हणून तर इतक्या जाती एकत्र नांदतात इथे.”

“म्हणजे आईच्या पायाशीच मरण?”

“आईचा काय दोष? पण जितकं जवळ तितकं वाईट, हे खरं. लांब गेलेलं वाचतं.”

“मग माझी धर्मशाळेमागची का मेली? ती तर लांब होती.”

तिने भाताचं पान दुमडलं. “ते मला सांगता येत नाही,” म्हणाली. “हवं तर औषध देते थोडं.”

किडे मारायचं औषध मी घेणं शक्य नव्हतं. बुरशीचं घ्यावं का, म्हणून नव्या हामुदुरूंना विचारलं. बुरशीला जीव असतो का? ते पंखा हलवत म्हणाले, “उपासिके, जिथे शंका आहे तिथे हात आखडता घेतलेला बरा.” मीही तेच धरून बसले होते. पण त्या मुलीनं एक गाठ माझ्या हातात दिली होती. लांब लावलेलं वाचायला हवं होतं. ते वाचलं नाही. म्हणजे जे बुडाशी घडत होतं ते आपोआप, आणि जे धर्मशाळेमागे घडलं ते कुणाच्या तरी हातून. आता मला खात्रीच पटली.

पौर्णिमेला मी अष्टशील घेतलं. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही बाया धर्मशाळेत बसलो होतो. हामुदुरूंचं प्रवचन मैत्रीवर चाललं होतं, सर्व प्राणी सुखी होवोत, वैरी असतील तेही सुखी होवोत. मी डोळे मिटले. सगळ्यांना सुख चिंतलं, यसवतीपाशी आले आणि अडखळले. डोळे उघडून बायांच्या रांगा पाहिल्या. सुदुबंडा पुरुषांत बसला होता. यसवती कुठेच नव्हती.

मी उठले. शेजारच्या बाईला वाटलं, पाय अवघडले असतील. मी मागच्या दारानं बाहेर आले.

ती होतीच. रोपांपुढे उकिडवी बसलेली, पदर सोडलेला, हातांनी मुळाशी काहीतरी दाबत होती.

“सापडलीस,” मी म्हणाले. आवाज मी कधी चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. तरी तिला चापट बसल्यासारखं झालं.

“नॅना...”

“आज? पौर्णिमेला? आत धर्म चाललाय आणि तू इथे विष घालतेस?”

“विष?” ती उभी राहिली. “कसलं विष?”

“पदरात काय आहे?”

“तुला काय वाटतं, काय आहे?”

“मीठ असेल. चुन्याची निवळी असेल. नाहीतर कुणाकडून उतारा भारून आणला असशील. सालीवरून बोलले म्हणून तुम्ही दोघं एका म्हाताऱ्या भिक्खूच्या शब्दावर उठलात. तो मेला, तरी तुमचा राग मेला नाही.”

यसवतीनं पदर पुढे केला आणि दोन्ही हातांनी उघडून धरला. आत माती होती. काळी, ओली, भुसभुशीत. तीत हलच्या वाळक्या पानांचे तुकडे होते.

“घे. वास घे. खाऊन दाखवू?”

मी बोटांत घेतली. ती माती मी डोळे मिटूनही ओळखली असती.

“हलच्या बुडाची?”

“मग कुठली? पोरं सुकायला लागली की आईची माती थोडी घालायची, माझी आजी घालायची. तू एकदाच घातलीस, खड्डा खणताना. पुरली नाही म्हणून सुकताहेत, असं मला वाटलं. म्हणून अधूनमधून आणून घालते.”

“चोरून?”

“मग काय वाजतगाजत येऊ? तू मला हात लावू दिला असतास?” तिचा आवाज फुटला, पण डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. “या गावात मी काहीही केलं तरी ते नदीपलीकडचं. मोठ्या हामुदुरूंनी माझ्या मुलाचं नाव ठेवलं होतं. त्यांचं झाड मी मारीन? सालीचं भांडण तुझ्या भावाचं. माझं नाही.”

खरं सांगायचं तर तिच्यावर माझा विश्वास बसेना. इतक्या दिवसांचा संशय एका पदरभर मातीनं कसा धुऊन निघेल? मनात म्हटलं, आज माती आहे; काल काय होतं कुणी पाहिलंय?

तिला ते चेहऱ्यावर दिसलं असावं. “चल,” ती म्हणाली. “तुला एक दाखवते. मग हवं तर पोलिसांत जा.”

ओढ्याच्या कडेनं उतरलो. त्यांच्या घराची वळचण, काकवी आटवायची खोप, तिच्या मागे राखेचा ढीग आणि केळी. केळींच्या आड, पाण्याजवळ, एक झाड उभं होतं. माझ्या छातीला लागेल एवढं. टोकाची पानं तांबूस, खालची गडद. एका पानाला एक भोक, बस्स. मी खोडाला हात लावला. हल.

“म्हणजे चांगलं तू घेऊन आलीस,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“झालं!” तिने कपाळावर हात मारला. “आता चोरीही. अगं, वरच्या डोहात आपण सगळ्याजणी बिया धुतो. एखादी निसटली असेल, पाण्यानं इथे आणून टाकली. मी पाहिलं तेव्हा गुडघ्याएवढं झालं होतं. तुला सांगायला दोनदा विहारापर्यंत आले. तू फुलं वाहत होतीस. माझ्याकडे पाहिलंस आणि दिवा विझवल्यासारखं तोंड केलंस. परत गेले.”

“याला किती माती घातलीस?”

“कसली?”

“आईच्या पायची.”

“याला कशाला? हे आपलं आपण आलं. आपणहून आलेल्याला कोण माती घालतं?” ती सहज बोलून गेली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मातीनं काळ्या झालेल्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

मी तिथेच, पांढऱ्या साडीत, राखेजवळच्या दगडावर बसले. निलंतीला जे सांगता आलं नव्हतं ते आता माझ्यासमोर तिच्या पदरात होतं. वैरी बुडाशी दबा धरून बसले होते आणि आम्हीच त्यांना ओंजळीत घेऊन लेकरांच्या मुळाशी पोचवत होतो. मी एकदा, रतनसुत्त म्हणत. ती पुन्हा पुन्हा, चोरून. वेचून मारणारा हात मी शोधत होते. हात होतेच, चार होते.

मी तिला निलंतीचं सगळं बोलणं सांगितलं. ती ऐकत ऐकत पदरातली माती झटकत गेली, आणि मग, झटकली ती माती झाडापासून फार जवळ पडली की काय म्हणून धावत जाऊन तिने ती पायानं सारून लांब नेली. मला हसू आलं. तिलाही.

दुपार टळली होती. पौर्णिमेला दुपारनंतर मी जेवत नाही हे तिला ठाऊक होतं. तिने कोरा चहा आणला आणि तळहातावर गुळाचा खडा. माझ्या भावाच्या हातचा गूळ. मी कप हातात घेऊन नुसती बसले.

“आधी मी पिते,” ती म्हणाली. “मग तू. म्हणजे तुझा जीव शांत.”

“गप्प बस,” मी म्हणाले आणि प्याले.

सुदुबंडा विहारातून परतला तो आम्हा दोघींना पाहून दारातच थबकला. “कोण मेलं?” त्यानं विचारलं.

“कोणी नाही. त्या झाडाला सुरा लावलास तर तू मरशील,” यसवती म्हणाली.

“अगं, साल लागते मला. मडक्यात काय तुझी वेणी घालू?”

“रानातून आण. लांबून. पाय आहेत ना?”

तो हो म्हणाला. माझ्याकडे पाहून नाही, झाडाकडे पाहून म्हणाला. त्याच्या शब्दावर मी अजूनही पूर्ण विसंबत नाही. येताजाता केळींच्या आड डोकावून खोड पाहून येते.

पण एका झाडावर मोठ्या हामुदुरूंचा शब्द टांगून ठेवायचा, तेही ओढ्याच्या काठी? एका पुरात गेलं तर? आणि हलवावं तर त्याचं सोटमूळ तुटणार. मी हे बोलून दाखवलं तेव्हा यसवतीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, “पुढच्या गळीला, फळं पडली की, बिया मी नेईन. जिथे वर पाहिलं तर हल दिसणार नाही, अशा ठिकाणी. कड्यापलीकडेसुद्धा. माती नाही, काही नाही. तू विहार सोडू नकोस, नॅना. शब्द तुझा आहे, पाय माझे वापर.”

हलच्या गळीची वाट पाहायला लागते. हे झाड दरवर्षी धरत नाही. यसवती बोलली होती ती त्या क्षणाच्या भरात, तोवर विसरेल, असं मला आतून वाटत होतं. मी आठवण केली नाही. केली असती तर तिला वाटलं असतं, अजून हिचा भरवसा नाही. आणि ते खरंच होतं.

मग एका वर्षी फळं आली. बाया टोपल्या घेऊन आल्या, त्यांत यसवतीही. तिने निवडून निवडून चांगल्या बिया घेतल्या. माझ्याशी हवापाण्याचं बोलली, नातवंडांचं बोलली, त्या गोष्टीचं अक्षर नाही. संध्याकाळी तिच्या खोपीतून धूर निघाला. मला वाटलं, गेल्या बिया पिठात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं तोडत होते. खाली डोहावर ती दिसली. बिया एकेक करून पाण्यात चोळत होती, बोटांनी, नखांनी, फटीतली माती काढत. पिठासाठी धुताना कुणी इतकं धूत नाही, असं एक मन म्हणालं. दुसरं म्हणालं, थांब, आता विळी निघेल. मी फुलांची परडी घेऊन झुडपाआड उभी राहिले.

विळी निघाली नाही. तिने टोपलीत केळीचं धुतलेलं पान अंथरलं, बिया त्यावर ठेवल्या, वरून दुसरं पान झाकलं. टोपली डोक्यावर घेतली, ओचा खोवला. विहाराच्या दिशेनं एकदा हात जोडले. आणि घराची वाट सोडून, कुणाला हाक न मारता, ती कड्याकडे जाणाऱ्या चढाला लागली.